खिशातली पाच मिनिटं

घड्याळजीकडे रेल्वेची पासष्ट जुनी खिशातली घड्याळं होती. सगळी चालू, सगळी सेकंदाला सेकंद धरून. आणि तरी हा माणूस आयुष्यात कुठे वेळेवर पोचला नाही, असं त्याची बायको येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. तोही हसायचा. दुकान म्हणजे घराचाच रस्त्याकडचा भाग. खिडकीशी उंच टेबल, त्यावर दिवा, चिमटे, तेलाच्या सुया आणि डोळ्याला लावायचं भिंग. मनगटी घड्याळांच्या पट्ट्यांवर आणि सेलवर घर चालायचं. रेल्वेची घड्याळं हा त्याचा नाद. भंगारवाल्याकडून, निवृत्त गार्डांच्या मुलांकडून, बंद पडलेल्या इंजिन शेडच्या लिलावातून तो ती मेलेली घड्याळं उचलून आणायचा. कुणाची तबकडी तडकलेली, कुणाच्या पोटात गंज, कुणाचा सेकंदकाटाच गायब. तो एकेक चाक सुटं करून पेट्रोलमध्ये धुवायचा, झिजलेला भाग स्वतः घडवायचा. एकेका घड्याळावर महिना महिना जायचा. पुन्हा टिकटिक सुरू झाली की ते कपाटात जायचं. विकायचा मात्र एकही नाही.

बाहेरच्यांना तो नाद वाटायचा. घरच्यांना ठाऊक होतं की तो एकच घड्याळ शोधतोय आणि बाकीची पासष्ट त्याला वाटेत सापडली आहेत.

ते एक घड्याळ त्याच्या वडिलांचं होतं.

वडील मालगाडीचे ड्रायव्हर होते. तेव्हा ती लाइन एकेरी होती. समोरून येणाऱ्या गाडीला वाट द्यायची तर ठरलेल्या मिनिटाला बाजूच्या रुळावर जाऊन उभं राहायचं, आणि ते मिनिट कोणतं हे सांगायला ड्रायव्हरच्या खिशातल्या घड्याळाशिवाय दुसरं काही नसायचं. म्हणून ती घड्याळं साधी नसत. काचेची कडी उघडून आतली बारीक तरफ ओढल्याशिवाय त्यांचे काटे हाताने फिरवताच येत नसत. घड्याळ पडलं, आपटलं, गाडी उलटली तरी काटे आपले जागच्या जागी.

घड्याळजी बारा वर्षांचा असताना एके दिवशी वडील पहाटे पाचला कामावर गेले. तापातून उठल्यावरचा तो त्यांचा पहिला दिवस. निघताना त्यांनी मास्तरसमोर आपलं घड्याळ स्टेशनच्या मोठ्या घड्याळाशी लावून घेतलं, वहीत सही केली. दुपारी एका लहानशा थांब्यावर त्यांनी इंजिनला पाणी घेतलं. तिथे ना मास्तर ना घड्याळ. त्यांनी खिशातलं घड्याळ काढून पाहिलं, दोन पन्नास झाले होते. पुढच्या स्टेशनच्या बाजूच्या रुळावर पोचायला बारा मिनिटं लागायची आणि समोरून मेलगाडी तीन वाजून पाच मिनिटांनी यायची. वेळ होता. त्यांनी गाडी सोडली. वळणावर मेल समोर आली. मेलच्या पहिल्या डब्यातली दोन माणसं आणि वडिलांच्या शेजारी कोळसा टाकणारा चोवीस वर्षांचा फायरमन, असे तिघं जागीच गेले. वडील झुडपात फेकले गेले आणि वाचले. त्यांच्या खिशातलं घड्याळही चालू होतं, फक्त पाच मिनिटं मागे.

चौकशी बसली. घड्याळ दोन दिवस साहेबांच्या टेबलावर ठेवलं होतं आणि ते एका सेकंदानेही चुकलं नाही. सकाळी पाचला बरोबर, टेबलावर बरोबर, धक्क्याने काटे हलूच शकत नाहीत; मग पाच मिनिटं मागे गेलं कसं? साहेबांनी निकाल दिला की ड्रायव्हरने निष्काळजीपणे गाडी सोडली आणि टक्कर झाल्यावर कातडी वाचवण्यासाठी, शेजारी फायरमन मरून पडलेला असताना, स्वतःच्या हाताने काटे मागे फिरवले.

नोकरी गेलीच, पण ती एक वेळ चालली असती. गावात वडिलांचं नाव पडलं काटेफिरव्या. शाळेत ह्याला पोरं काटेफिरव्याचा म्हणायची. वडील पहिल्यांदा भेटेल त्याला सांगायचे की मी काट्यांना हात लावलेला नाही. वर्ष-दीड वर्ष सांगत राहिले. मग एके दिवशी दारात आलेल्या कुणा ओळखीच्याला ते शांतपणे म्हणाले, ‘हो, मीच फिरवले.’ पोरगा आत जेवत होता, त्याचा घास तोंडातच राहिला. त्याला वाटलं, जगाने बाबांना हरवलं. त्यानंतर पाच-साडेपाच वर्षं वडील खाटेवर भिंतीकडे तोंड करून जगले आणि तसेच एका दुपारी गेले.

पोराला हात दिला तो मामाने. आईचा थोरला भाऊ, दोन गल्ल्या पलीकडे त्याचं घड्याळदुरुस्तीचं दुकान. नोकरी गेल्याच्या दुसऱ्याच महिन्यात त्याने भाच्याला बाजूला बसवलं आणि पोटच्या पोराला शिकवणार नाही तसं शिकवलं. चिमटा कसा धरायचा, श्वास कधी रोखायचा, तेल किती कमी घालायचं. दुरुस्ती झाली की मागच्या झाकणाच्या आतल्या कडेला सुईने आपली खूण आणि तारीख कोरायची, हेही त्यानेच शिकवलं. मामाची खूण होडीसारखी होती, वर एक आडवी रेघ आणि खाली अर्धगोल. पुढे दुकान भाच्याकडे आलं तेव्हा खूणही तीच राहिली. मामा एका बाबतीत मात्र हट्टी होता. रेल्वेचं घड्याळ दुकानात आलं की तो हात जोडायचा. म्हणायचा, त्या वस्तूने आपल्या घराचं वाटोळं केलंय, तिच्या वाटेला जायचं नाही.

भाचा त्या वाटेला गेलाच. पंचवीस वर्षांचा असताना रद्दीत त्याला रेल्वेच्या घड्याळ तपासनिसांसाठी छापलेलं नियमांचं एक पुस्तक मिळालं. त्यात लिहिलं होतं की घड्याळ आडवं ठेवून एक वेळ दाखवतं आणि उभं धरून दुसरी दाखवू शकतं, म्हणून तपासणी पाचही बाजूंनी करावी. मामाने त्याला सगळं शिकवलं होतं, एवढंच कधी शिकवलं नव्हतं. तो पुस्तक घेऊन धावत मामाकडे गेला. टेबलावर घड्याळ आडवं असतं, खिशात उभं असतं. साहेबांनी ते उभं करून पाहिलंच नव्हतं. मामाने पुस्तक हातात घेतलं, पान न उलटता परत दिलं आणि म्हणाला, ‘आता ते घड्याळ कुठून मिळायचं? सोड.’

त्याने सोडलं नाही. रेल्वेच्या कचेरीत खेटे घालून त्याने चौकशीचे कागद एकदाचे पाहिले आणि घड्याळाच्या यंत्रावरचा नंबर चिठ्ठीवर उतरवून आणला. पुढची पस्तीस वर्षं कुठलंही रेल्वे-घड्याळ हाती आलं की तो आधी मागचं झाकण उघडून नंबर वाचायचा आणि मग नुसता ‘हं’ म्हणायचा. आई त्या ‘हं’ची वाट बघत बसलेली असायची, हे बायकोच्या लक्षात आलं होतं. तिला वाटायचं, सासूबाईंनाही आस लागलीय.

घड्याळ मिळालं ते एका निवृत्त रेल्वे कारकुनाच्या घरी. म्हातारा वारला होता आणि सून सामान काढत होती. कारकुनाने कधीकाळी कचेरीतून उचललेलं ते घड्याळ आयुष्यभर लिहायच्या टेबलावर ठेवलं होतं, वेळोवेळी तेलपाणीही केलं होतं. घड्याळजीने झाकण उघडलं, नंबर वाचला, खिशातली चिठ्ठी काढली आणि तो तिथल्याच एका खोक्यावर बसला. सुनेने पाणी आणून दिलं. घड्याळ कसं चालतं म्हणून त्याने विचारलं, तर ती म्हणाली की मामंजी ह्यावर वेळ बघून रेडिओ लावायचे, कधी चुकलं नाही.

घरी आणून त्याने ते चोवीस तास टेबलावर आडवं ठेवलं. तीन सेकंदांचा फरक. साहेबांनी पाहिलं होतं जवळपास तेच. मग त्याने ते कडीने भिंतीवरच्या खिळ्याला उभं टांगलं आणि समोर स्टूल घेऊन बसला. पहिल्या तासाला ते एकोणतीस सेकंद मागे पडलं. दुसऱ्या तासाला तीस. त्या दिवशी त्याने गिऱ्हाईक घेतलं नाही, जेवण स्टुलावरच केलं. दहा तासांनी घड्याळ चार मिनिटं पन्नास सेकंद मागे होतं.

तो रडला. साठीचा माणूस, पण लहान पोरासारखं नाक ओढत रडला. बायकोने पाठीवरून हात फिरवला. मग तो डोळे पुसून आईच्या खोलीत गेला. आई पलंगावर धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. ऐंशी वर्षांची बाई, डोळे अधू, पण हात रिकामा ठेवायची नाही. त्याने सांगितलं की बाबा खरं बोलत होते, घड्याळ खिशात मागे पडत होतं, बाबांनी काटे फिरवलेच नव्हते.

आई म्हणाली, ‘बरं झालं.’ हातातला टॉवेल तिने उलगडला आणि पुन्हा घडी घातली. मग म्हणाली, ‘आता ते उघडू नकोस. ठेव तसंच.’

त्याला वाटलं, म्हातारं माणूस, आनंदालाही घाबरतं.

पण उघडायला तर हवंच होतं. रेल्वेकडे अर्ज करायचा तर घड्याळ मागे का पडतं हे लिहावं लागणार. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने ते खोललं. घड्याळाचं काळीज म्हणजे मागेपुढे झुलणारं एक चाक. त्या चाकाची दांडी त्याने भिंगाखाली धरली आणि त्याच्या कपाळावर आठी चढली. ती दांडी ह्या घड्याळाची नव्हतीच. दुसऱ्या कुठल्यातरी घड्याळाची काढून, कानशीने घासून घाईघाईने बसवलेली होती. चाकाचा तोल नीट साधलेला नव्हता. आडवं ठेवलं की चालून जायचं, उभं केलं की चाक एका अंगाला ओढायचं. रेल्वेच्या कारागिराचं काम हे नव्हे. कुणीतरी बाहेर, चोरून केलेली दुरुस्ती. त्याला संताप आला. कोण हा हरामखोर, म्हणून त्याने मागचं झाकण घेतलं आणि आतली कड भिंगातून पाहत गेला. जुन्या खुणा बऱ्याच होत्या, तपासनिसांच्या. शेवटी, अगदी कडेला चिकटून, होडी होती. शेजारी तारीख. टकरीच्या चार दिवस आधीची.

चोरून करायचं काम, पण हाताला सवय. खूण कोरल्याशिवाय मामाच्या हाताने झाकण लावलंच नव्हतं.

मामाला जाऊन सहा वर्षं झाली होती.  बायको चहा ठेवून गेली, त्यावर साय धरली. त्याने स्वतःला समजावलं की वडिलांनीच दिलं असेल घड्याळ मामाकडे. पण ती तारीख त्याला तसं समजावू देईना. त्या दिवशी वडील तापाने फणफणले होते, खाटेवरून उठले नव्हते. त्यांच्या कपाळावर ओल्या फडक्याच्या पट्ट्या त्यानेच ठेवल्या होत्या. घरात तेव्हा चालतं फिरतं मोठं माणूस एकच होतं.

तो आईच्या खोलीत गेला आणि दार लावून घेतलं.

‘आत मामाची खूण आहे,’ तो म्हणाला.

आईने मान हलवली. ‘तू पहिलं घड्याळ आणलंस ना घरात, त्या दिवसापासून मी रोज तयारी करून बसलेय. आज कळेल, उद्या कळेल.’

मग तिने सांगितलं, अडखळत नाही, रडत नाही. इतकी वर्षं मनात घोकलेलं पाठ बाहेर यावं तसं. ताप चढला म्हणून तिने वडिलांचा कोट धुवायला काढला होता. खिसा चाचपायचं राहिलं. कोट झटकला आणि घड्याळ फरशीवर पडलं. उचललं तर टिकटिक बंद. लग्न झाल्यावर नव्या नवरीला वडिलांनी हसत सांगितलं होतं, घरातलं काय वाटेल ते फोड, हे एक तेवढं सांभाळ. तेरा वर्षांत त्यांनी तिला दुसरं काही सांगितलं नव्हतं, कधी आवाज चढवला नव्हता. ओरडणारा नवरा असता तर मी ओरडून घेतलं असतं, ती म्हणाली. न ओरडणाऱ्याची भीती जास्त. तिने घड्याळ रुमालात गुंडाळलं आणि भावाकडे नेलं. दादाने दीड दिवसात ते चालू करून दिलं, टेबलावर ठेवून दाखवलं, बघ, सेकंदाचा फरक नाही. तिच्या जिवात जीव आला. तिने ते नवऱ्याच्या उशाशी ठेवलं. तीन-चार दिवस ते उशाशी आडवं, बरोबर चाललं.

टकरीची बातमी आली तेव्हा पहिला धावत आला तो दादाच. त्याची पाचावर धारण बसली होती. म्हणाला, बोललीस तर तीन जिवांसाठी मला आत टाकतील, आणि तुझा नवराही सुटायचा नाही. घड्याळ बाहेर दुरुस्त करवलं म्हणून त्यालाच धरतील. तिने ऐकलं. चौकशी संपल्यावर सांगू, असं ठरवलं. मग नोकरी गेली, तर ह्यांना जरा सावरू दे म्हटलं. मग दादाने पोराला दुकानात घेतलं, घर त्याच्यावर चालायला लागलं, आणि बोलायची वेळ निघून गेली ती गेलीच.

‘साहेबांना नसतं सांगितलं तरी चाललं असतं,’ घड्याळजी म्हणाला. ‘बाबांना सांगायचं होतंस. घरात. दार लावून.’

 आईने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं.

‘एकदा त्यांनी मला विचारलं होतं,’ ती म्हणाली. ‘तू शाळेत होतास. मला म्हणाले, मीच फिरवले असतील का गं काटे? धक्क्याने डोकं ठिकाणावर नसेल, आठवत नसेल? तू मला ओळखतेस, तू सांग.’

‘तू काय सांगितलंस?’

‘मी म्हटलं, असेल.’

घड्याळजी उभा होता तो खाली बसला. दारात आलेल्या माणसाला वडील म्हणाले होते, हो, मीच फिरवले. जगाने त्यांना हरवलं, असं त्याने सत्तेचाळीस वर्षं धरून ठेवलं होतं. जगाला ते पुरून उरले होते. त्यांना हरवायला घरातला एक शब्द लागला.

तो उठून बाहेर आला. त्यानंतर तो आईला औषध देत होता, अंघोळीचं पाणी काढून देत होता, पण बोलत नव्हता. बायकोला त्याने सगळं सांगितलं. ती म्हणाली, त्यांचं वय बघा. तो म्हणाला, बाबांचं वय चाळीस होतं.

अर्ज त्याने लिहिला. घड्याळाचा नंबर, उभं केल्यावरचा फरक, दांडी, खूण, मामा. घड्याळ मामाकडे कसं गेलं, ह्या वाक्याशी येऊन तीन दिवस अडला. चौथ्या दिवशी आई दुकानाच्या दाराशी भिंतीला धरून आली आणि म्हणाली, ‘माझं नाव लिही. मी अंगठा देते, सही देते, काय लागेल ते.’ त्याने वर न बघता लिहिलं.

कचेरीतला बाबू सज्जन निघाला. त्याने अर्ज पूर्ण वाचला, घड्याळ हातात घेऊन पाहिलं, तीन आठवड्यांनी या म्हणाला. तीन आठवड्यांनी तो अवघडून बोलला. ती लाइन बंद होऊन वीस वर्षं झाली होती आणि तिचे सगळे कागद त्याच वेळी रद्दीत गेले होते. ज्या चौकशीची नोंदच नाही, तिचा निकाल बदलायचा कसा? घड्याळजीने हाताने लिहिलेली चिठ्ठी दाखवली. तो पुरावा नव्हता. बाबूने चहा मागवला आणि त्याला बरं वाटावं म्हणून म्हणाला, ‘एका परीने बघा, आता तुमच्या वडिलांवर कुठे काही ठपकाच नाही.’

घड्याळजीने चहा पिऊन घेतला.

अजून एक माणूस उरलं होतं. फायरमन गेला तेव्हा त्याची मुलगी चार वर्षांची होती. ती शहराच्या दुसऱ्या टोकाला शिवणकाम करते, हे त्याला ठाऊक होतं. आजवर त्या बाजूला जायची वेळ आली तर तो लांबून वळसा घालायचा. त्या दिवशी तो थेट गेला. अरुंद दुकान, दोन मशिनं, भिंतीवर कागदी माप. बाई पन्नाशीची, दातांत टाचण्या धरून एका बाहीला चुण्या घालत होती. त्याने आपण कोणाचे कोण ते सांगितलं तेव्हा तिने टाचण्या एकेक करून काढल्या आणि बसा म्हणाली नाही. तो उभ्यानेच सगळं बोलला. आईचं नाव लपवलं नाही.

 तो थांबल्यावर ती म्हणाली, ‘माझी आई गेल्या वर्षी गेली. रोज दिवा लावताना तुमच्या वडिलांना शिव्या घालायची. मला बापाचा चेहरा आठवत नाही, तुमच्या बापाचं टोपणनाव मात्र बोलायला लागल्यापासून पाठ आहे.’

‘म्हणूनच आलो,’ तो म्हणाला. ‘ते खोटं होतं.’

‘मग मी आता काय करू?’ ती विचारत होती, भांडत नव्हती. ‘आईला कुठे जाऊन सांगू? आणि शिव्या कोणाला घालू, एका ऐंशी वर्षांच्या म्हातारीला, जिच्या हातून कोट झटकताना घड्याळ पडलं? तुम्हाला हे सांगून मोकळं व्हायचं होतं. झालात का?’

त्याने नकारार्थी मान हलवली.

‘मीही नाही झाले,’ ती म्हणाली आणि मशिनच्या पेडलवर पाय ठेवला. तिचा पाय चालेना, तशी ती नुसतीच बसून राहिली. तो पायऱ्या उतरून आला.

घरी आला तेव्हा आई जागच्या जागी बसून होती. ताटावर झाकण तसंच. कुठे गेला होता हे बायकोने तिला सांगितलं असावं. तिने विचारलं, ती काय म्हणाली. महिन्याभरात पहिल्यांदाच त्याने तिला उत्तर दिलं, खरं ते सांगितलं. आईने ऐकून घेतलं. मग म्हणाली, ‘एक विचारू? तुझं मला ठाऊक आहे, तू नाही माफ करायचास. तुझ्याकडे मागतही नाही. पण ते असते, आणि मी आज त्यांना सांगितलं असतं, तर काय म्हणाले असते? तू त्यांचा मुलगा आहेस, तुला कळेल.’

तिला काय ऐकायचंय हे त्याला कळत होतं. दोन शब्दांचं काम होतं. वडिलांचा स्वभाव पाहता ते कदाचित खोटंही ठरलं नसतं. त्याने तोंड उघडलं, आणि जीभ वळेना. वडिलांनी तिला विचारलं होतं तेव्हा तिचीही अशीच वळली नसेल, हे त्याच्या मनात आलं. त्यामुळे राग कमी झाला नाही, उलट स्वतःचाही यायला लागला.

‘ते काहीच बोलले नसते,’ तो म्हणाला.

आईने मान हलवली. हो, म्हणाली, ते बोलायचे नाहीत. आणि ताट उचलून न्यायला सांगितलं.

त्यानंतर तिने काही विचारलं नाही. जेवण कमी होत गेलं. डॉक्टर म्हणाले वय झालं, बायको म्हणाली तुम्ही एकदा बोला त्यांच्याशी. तो रोज संध्याकाळी पलंगापाशी जाऊन बसायचा. आज बोलू असं ठरवून जायचा. तिचा हात चादरीवर उघडा पडलेला असायचा, तो त्याच्याकडे बघत राहायचा. एका सकाळी बायको चहा घेऊन आत गेली आणि कप तसाच घेऊन परत आली.

क्रियाकर्म आटोपल्यावर पंधरा दिवसांनी त्याने दुकान उघडलं. सवयीने दिवा लावला, टेबल पुसलं, चिमटे एका ओळीत मांडले. शेजारच्या किराणा दुकानदाराने भिंतीवरचं घड्याळ आणलं, चार दिवस बंद पडलं होतं. घड्याळजीने ते हातात घेतलं, उलटं केलं आणि परत त्याच्यापुढे ठेवलं.

‘मी आता दुरुस्त करत नाही,’ तो म्हणाला.

‘अहो, दुरुस्त काय करायचंय? नुसता सेल बदलायचाय.’

‘पुढच्या गल्लीत बदलून देतात.’

दुकानदार हसला, त्याला थट्टा वाटली. मग त्याच्या तोंडाकडे बघून त्याने घड्याळ काखेत मारलं आणि निघाला. घड्याळजी खिडकीशी बसून राहिला. रस्त्यावर शाळा सुटली होती. बायको आतून विचारत होती की जेवायला वाढू का, आणि हो म्हणायचं की नाही हे काही त्याला ठरवता येईना.